टिळकांना आपण टिकू दिले असते का?

महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांच्या पाळकांस आणि मंडळीतील बंधुभगिनींस,



एप्रिलात पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी येते, मे महिन्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. त्या सुमारास आपल्या कितीतरी मंडळ्यांतून ‘उपासना संगीता’तली टिळकांची गीते आवर्जून गायली जातात, तरुण संघ एखादा कार्यक्रम बसवतो, पाळकसाहेब दोन्ही नावे घेऊन प्रार्थना करतात आणि चहा-बिस्किटांवर सभा संपते. यात वावगे काही नाही. आपली माणसे आपणच आठवायची. पण या कार्यक्रमांत जे टिळक आणि ज्या रमाबाई भेटतात, त्यांनी आयुष्यात कधी कोणाला त्रास दिला असेल असे वाटत नाही. दोघेही अगदी आज्ञाधारक! जुनी पत्रे आणि चरित्रे उघडली की वेगळीच माणसे समोर येतात. आपापल्या काळातल्या चर्चच्या अधिकाऱ्यांना ती डोकेदुखी झाली होती. तुमच्यापैकी कोणी तेव्हा पाळक असता तर त्यालाही झाली असती, आणि मी कमिटीवर असतो तर मलाही.

मी पाळक नाही, सेमिनरीचे तोंड पाहिलेले नाही. बाकावर बसून उपदेश ऐकणारा सभासद आहे. आपल्या उपदेशांत पौल येतो, ल्यूथर येतो, कधी वेस्ली येतो. मग एकदम आपण येतो. मधला दोनशे वर्षांचा मराठी इतिहास पुण्यतिथीपुरता उरतो. पाळकांना शिकण्यासारखे सगळ्यांत जास्त त्याच इतिहासात आहे, असे माझे मत आहे, म्हणून हे पत्र.

टिळकांपासून सुरुवात करतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या या कोकणस्थ ब्राह्मणाने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकन मराठी मिशनने त्यांना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला नेले. तिथे त्यांनी शिकवले, उपदेश केला, गीते रचली, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू त्यांच्याकडे आली. इथपर्यंतची गोष्ट आपण सांगतो. पुढची सांगत नाही. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाल्याचे जाहीर केले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात येशूला गुरू मानणाऱ्या कोणालाही जागा होती, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो.

पगार का सोडला, हे समजून घेण्यासारखे आहे. मिशनरी वाईट माणसे होती अशी टिळकांची तक्रार नव्हती. त्यांच्यातल्या अनेकांवर त्यांचे प्रेम होते. त्यांना खुपत होते ते नाते. शिक्षकाचा पगार मिशनचा, पाळकाचा पगार मिशनचा, मुलांची शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, राहती खोली मिशन कंपाउंडातली. साहेब मायबाप आणि मंडळी लेकरे. अशा मंडळीला मोठे होण्याची गरजच पडत नाही, हे टिळक वर्षानुवर्षे बोलत होते.

गंमत अशी की हे म्हणणारे ते पहिले नव्हते. खुद्द मिशनच्या बोस्टनमधल्या मुख्य कार्यालयाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते, तेव्हा त्यांनी हेच बजावले होते. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि सुवार्ताही आपणच सांगावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याच दशकात हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरात पाळक नेमले गेले. म्हणजे धोरण कागदावर होते, पाळकही आपले होते, आणि तरी साठ वर्षांनी टिळकांना तीच गोष्ट सांगण्यासाठी नोकरी सोडावी लागली. (अँडरसन यांनी त्याच झपाट्यात मिशनच्या इंग्रजी शाळांवर कात्री चालवली, तो निर्णय मला आजही पटत नाही. बायबल वाचण्यापुरती मराठी येणे पुरेसे आहे, असे बोस्टनहून येऊन ठरवणे सोपे होते.)

आता आजचे बघा. जुनी मिशने गेली, साहेब गेले. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्यालाही अर्धशतक उलटून गेले. मायबाप मात्र गेले नाहीत. काही ठिकाणी ती खुर्ची धर्मप्रांताच्या कार्यालयाने घेतली आणि मिशनने ठेवलेल्या जमिनींचे काय होते हे मंडळीला वर्तमानपत्रातून कळते. काही ठिकाणी, विशेषतः नव्या स्वतंत्र मंडळ्यांत, पाळकच संस्थापक, पाळकच विश्वस्त, पाळकच खजिनदार आणि मंडळीचे काम फक्त दानार्पणाच्या पिशवीत हात घालण्याचे. हिशेब विचारणाऱ्याला ‘अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये’ हे ऐकवले जाते. टिळकांनी ज्याच्यामुळे मिशन सोडले ते हेच. तेव्हा मायबाप गोरे होते, एवढाच फरक.

दरबाराचे पुढे काय झाले? फारसे काही नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. काही मिशनऱ्यांना आणि आपल्याही पुष्कळ लोकांना तो चर्चच्या मुळावर येणारा वाटला होता. मी तो यशस्वी झाला असे म्हणणार नाही. पण बाप्तिस्मा न झालेल्याला आत जागा आहे का, हा प्रश्न टिळकांनी ज्या दारात उभे राहून विचारला होता, ते दार आज तुमच्या प्रत्येकाच्या मंडळीला आहे. १९५० चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश ख्रिस्ती माणसाला त्या यादीत बसू देत नाही. शीख १९५६ मध्ये त्यात आले, बौद्ध १९९० मध्ये आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे रविवारी तुमच्या उपासनेला येणारी, प्रार्थना करणारी, लेकरांना येशूच्या गोष्टी सांगणारी कितीतरी माणसे कागदावर ख्रिस्ती नाहीत. बाप्तिस्मा घेतला तर मुलाचा जातीचा दाखला जाईल, ही भीती आहे. तुम्ही त्यांना काय म्हणता? अर्धवट? लबाड? की सभासदांच्या यादीत नाव नाही म्हणून प्रभुभोजनाच्या वेळी त्यांच्याकडे न बघता पुढे जाता? टिळकांचे उत्तर तुम्हाला मान्य नसेल. माझ्याही मनात त्याविषयी शंका आहेत, कारण किंमत मोजून बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला दरबार काय सांगणार, हे मला कळत नाही. पण त्यांनी प्रश्न टाळला नाही. आपण तो शंभर वर्षे टाळत आलो आहोत.

रमाबाईंकडे वळतो. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ज्या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, जिने १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, ती विधवा बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे अँग्लिकन भगिनींच्या मठात लहानग्या मनोरमेसह तिचा बाप्तिस्मा झाला. चर्चला वाटले, मोठे फळ हाती लागले. लगेच कटकट सुरू झाली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी मुलग्यांना, पुरुषांना शिकवावे का, असा मुद्दा निघाला. हिंदुस्थानात बसलेल्या बिशपांनी, मुंबईच्या आणि लाहोरच्या, त्याला हरकत घेतली. पुण्या-मुंबईत आणि बंगालमध्ये भरसभेत पुरुषांपुढे शास्त्रार्थ केलेल्या बाईला, तुझ्या देशात हे बरे दिसणार नाही, असे इंग्रज बिशप सांगत होते! रमाबाईंनी ऐकले नाही. मग त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी प्रश्न विचारले, वेगवेगळ्या पंथांतल्या कोणत्या पंथाचे मानायचे ते विचारले, गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नाहीत, हेही विचारले. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार छापलेला आहे. तुम्ही तो वाचावा. त्यात एकीकडे खरोखर माया करणारी, पण शिष्येने नम्र असावे असे मनापासून मानणारी भगिनी दिसते. दुसरीकडे, बाप्तिस्मा घेतला म्हणून विचार करण्याचा हक्क तुमच्या हवाली केलेला नाही, असे स्पष्ट लिहिणारी रमाबाई दिसते.

पाळकांनी यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिले आहे. म्हणजे आठ वर्षे ही बाई धर्म स्वीकारून, शंका घेत, भांडत चर्चमध्ये होती. आपल्या मंडळीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला तुम्ही असे आठ वर्षे राहू द्याल? की दुसऱ्याच वर्षी तिच्या आईवडिलांना भेटून ‘मुलीच्या विश्वासासाठी प्रार्थना करा’ म्हणाल?

आणि इथेच मला दुसरीही बाजू सांगायची आहे, कारण आपण रमाबाईंना देव्हाऱ्यात बसवून त्यांच्याशी वाद घालायचे सोडून दिले आहे. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. ते मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होते. पैसा अमेरिकेतून येत होता आणि इथल्या पालकांना धार्मिक बाबतीत तटस्थतेची हमी दिली होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि मुली येऊन बसू लागल्या. त्यांनी कोणावर जबरदस्ती केली नाही, हे खरे. पण आपली शिक्षिका, आपला आधार, आपल्याला जेवू घालणारी बाई उघड्या दारामागे रोज काय करते, याचा सोळा-सतरा वर्षांच्या निराधार मुलीवर काय परिणाम होतो, हे न कळण्याइतके रानडे भोळे नव्हते. १८९३ मध्ये वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागारांनी राजीनामे दिले. ‘केसरी’ने जे लिहिले त्यात विष होते. रानडे-भांडारकरांच्या राजीनाम्यात ते नव्हते. ते दोघे या कामाचे मित्र होते, आणि त्यांना आपला शब्द मोडला गेला असे वाटले.

माझ्या मते त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच १८९३ साली पुनर्विवाह केला, आणि तीन वर्षांनी त्यांनी विधवांसाठी आपली स्वतंत्र संस्था काढली. हिंदू पालकांचा विश्वास परत मिळवायला दुसरे दार उघडावे लागले, असाही त्याचा अर्थ निघतो. रमाबाईंना काय करता आले असते, हे आज सांगणे सोपे आहे, म्हणून मी सांगत नाही. पण आज आपल्यावर सक्तीच्या धर्मांतराचा आरोप झाला की आपण लगेच शाळा, दवाखाने आणि कुष्ठरोग्यांची सेवा यांची यादी वाचून दाखवतो. आरोप बहुधा खोटा असतो. तरी वसतिगृह चालवणाऱ्या, दुष्काळात अन्न देणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या पाळकाने स्वतःला विचारायला हवे की मदत घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक खरेच आहे का. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळात आणि त्याआधीही पोटासाठी बाप्तिस्मा घेतलेले लोक होते. आपल्यापैकी काहींचे पणजोबा त्यांत असतील. त्यात शरमेचे काय? भूक होती. शरम असेल तर ती, नावे नोंदवताना आकडा मोठा करून मायदेशी कळवणाऱ्यांची. आजही फेसबुकवर बाप्तिस्म्यांचे आकडे टाकणारे पाळक आहेत. अशा एका फोटोमुळे पाण्यात उभ्या असलेल्या बाईच्या सासरी काय होते, ते त्यांना माहीत नसावे.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातले उज्जीवन हा तर आपल्या उज्जीवन सभांच्या वक्त्यांचा आवडता विषय. २९ जून १९०५ पासून तिथल्या मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत, पापांची कबुली देत रात्री जागू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरची प्रसिद्ध चळवळ याच्यानंतर, एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाली. रमाबाईंच्या सहकारी मिनी अॅब्रम्स यांनी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिचा हातभार लागला. पुण्याजवळच्या एका रेल्वे स्टेशनावरून जगाच्या दुसऱ्या टोकाला! अभिमान वाटावा असेच आहे.

वक्ते मात्र दोन गोष्टी गाळतात. एक म्हणजे ही प्रार्थना कोणा पाहुण्या उपदेशकाने पेटवलेली नव्हती. मध्य प्रांतातल्या आणि गुजरातेतल्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या, आईबाप मेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या मुली तिच्या पुढारी होत्या. दुसरी गोष्ट, त्याच मुली दिवसा शेतात, विणकामात, छापखान्यात राबत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले, आणि ते छापण्याचे काम याच बायकांनी केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. आपण उज्जीवन घेतले आणि ते भाषांतर कपाटात ठेवले. किती मंडळ्यांत रमाबाईंच्या भाषांतरातला एखादा उतारा कधी वाचला गेला आहे? आणि जिथे केडगावच्या अनाथ मुली सभा चालवू शकत होत्या, तिथे आज कितीतरी मंडळ्यांत बाईने उभे राहून उपदेश करायचा तर ‘महिला रविवार’ उजाडावा लागतो.

थोडे गोव्याकडे आणि मागे जाऊ. कॅथलिक बंधूंचा इतिहास आपला नाही, असे प्रोटेस्टंट मंडळी समजतात. मला ते पटत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले, मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ज्यांनी आपली पुराणे सोडली त्यांच्या कानांना पुराणाची सवय होती, ती त्याने मोडली नाही. याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही होते आणि ते मधल्या थोड्या वर्षांचा अपवाद सोडता १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असे फर्मान काढले. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुस्तक जगले ते लोकांनी हाताने उतरवून घेतले म्हणून, आणि त्या नकलांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. राजसत्ता पाठीशी असलेल्या चर्चने जे केले ते आणि साध्या ख्रिस्ती माणसांनी जे राखले ते, दोन्ही एकाच भूमीतले.

याच्या शेजारी १८१३ सालची मुंबई ठेवा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचे ठरवले होते. महिनोन् महिने डोक्यावर टांगती तलवार. हॉल तेरा वर्षे राबला, मराठी नवा करार छापून होईपर्यंत झटला आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने वाटेतच मेला. मिशनरी इंग्रज राज्याच्या पालखीत बसून आले, हे वाक्य ऐकले की मी हॉलचे नाव सांगतो. पण तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे आहे. पुढच्या पिढ्यांनी त्याच राज्याकडून जमिनी घेतल्या, अनुदाने घेतली, कलेक्टरसाहेबाच्या ओळखी वापरल्या. आज आपल्यापैकी काही पुढारी निवडणूक आली की आमदारासाठी व्यासपीठ मोकळे करतात आणि बदल्यात दफनभूमीच्या भिंतीचे आश्वासन घेतात. भिंत हवीच आहे. फक्त सत्तेशी अशा सलगीची किंमत गोव्याने किती मोजली, ते वाचून ठेवा.

शेवटी जातीबद्दल, कारण हा विषय सगळ्यांत शेवटी आणि हळू आवाजात काढण्याची आपली परंपरा आहे.

गोव्यातल्या गावोगावच्या कॉन्फ्रारियांमध्ये, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांत, बामण आणि चारडो कोण, सुदीर कोण, यावरून मान आणि मानकरी ठरत. आपण त्यांना हसायचे कारण नाही. लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘तुम्ही मूळचे कुठले’ या प्रश्नाने गावाचे नाव विचारलेले नसते, हे तुम्हीही जाणता. काही गावांत एकाच मिशनने उभ्या केलेल्या मंडळीत महारवाड्यातून आलेले आणि मांगवाड्यातून आलेले यांचे दोन तट तिसऱ्या-चौथ्या पिढीतही जिवंत आहेत, आणि पाळक बदलायची वेळ आली की ते उघडे पडतात. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्यामागून बाप्तिस्मा घ्यायला पाच वर्षे लावली, आणि मनातली शिवाशिव कशी टप्प्याटप्प्याने गळत गेली हे ‘स्मृतिचित्रां’त न लाजता लिहून ठेवले. एवढे खरे आपण कोणीच लिहिलेले नाही.

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. ते भाषण पुढच्या महिन्यात ‘जनता’ पत्रात आले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांनी आदराने सांगितले, आणि मग आपल्याला आरसा दाखवला. तुमच्यात शिकलेली मुले-मुली शेकड्यांनी आहेत. मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला की ती आपापल्या कामात गढून जातात. न शिकलेले अस्पृश्य अन्यायाविरुद्ध उठतात, तुम्ही उठत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हिंदू धर्म सोडण्याच्या त्यांच्या येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर आपल्यातले काही जण, आता लाखो लोक आपल्याकडे येणार, म्हणून हिशेब मांडत होते. आले नाहीत. त्यांनी आपल्याला जवळून पाहिले होते. १९५६ ला नागपूरला जी बौद्ध धम्मदीक्षा झाली तिची चर्चा आपल्या सेमिनऱ्यांत कधी होते का, मला ठाऊक नाही. मराठी पाळक घडवणाऱ्या शिक्षणात तो एक पूर्ण विषय असायला हवा. आणि सोलापूरचे भाषण दरवर्षी एका रविवारी मंडळीपुढे वाचले जावे, असे मी सुचवतो. उपदेशाऐवजी वाचले तरी चालेल.

पाळकसाहेब, तुम्हाला वाटेल की हा माणूस नुसत्या चुका काढतो आहे. आपल्या मंडळ्यांनी काय मिळवले ते मला माहीत आहे. मिस सिंथिया फरार हिची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि त्यांनी मुलींची शाळा काढली. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख कादंबरीत आणले. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले. हे सगळे सांगा, मुलांना पाठ करून घ्या. पण तेही नीट पाहिलेत तर त्यातले बहुतेक जण आपापल्या घरच्यांना, समाजाला आणि कधी कधी चर्चलाही गैरसोयीचे होते. आज्ञाधारक माणसांची नावे आपल्या इतिहासात फार थोडी उरली आहेत.

म्हणून एकच मागणी करतो, आणि ती अगदी साधी आहे. तुमच्या मंडळीच्या कपाटात जुनी रजिस्टरे आहेत: बाप्तिस्म्यांची, लग्नांची, दफनांची, कमिटीच्या सभांच्या इतिवृत्तांची, दानार्पणाच्या हिशेबांची. काही मोडीत आहेत, काही इंग्रजीत. बऱ्याच ठिकाणी त्यांना वाळवी लागली आहे आणि काही ठिकाणी छताच्या गळतीने शाई पसरली आहे. त्यांत कोणाचा बाप्तिस्मा दुष्काळात झाला ते आहे, कोणाची जात काय लिहिली ते आहे, कोणाला प्रभुभोजनातून का वगळले ते आहे, जमीन कोणी दिली आणि कोणाच्या नावे केली तेही आहे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. तरुण संघातल्या मुलामुलींना कपाटाची किल्ली द्या, प्रत्येक पानाचे फोटो काढायला सांगा, मोडी वाचणारा माणूस शोधा, आणि जे निघेल ते, अडचणीचे असले तरी, न गाळता मंडळीपुढे वाचा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. आणखी दोन पावसाळे त्यातली निम्मी रजिस्टरे काढणार नाहीत.

आपला,
मराठी मंडळीतला एक सभासद